आजीच्या ओवीतला अभिमन्यू आणि महायुद्धानंतरची कविता

खटावचा_मास्तर:

नमस्कार मंडळी,

मी खटाव तालुक्यातला, मराठीचा निवृत्त शिक्षक. पुढच्या महिन्यात गावच्या वाचनालयात मला मर्ढेकरांवर बोलायचं आहे. त्यांचं मूळ गाव मर्ढे, आपल्या सातारा जिल्ह्यातलं, म्हणून वाचनालयाची मंडळी त्यांच्यावर कुणाला तरी बोलायला उभं करतात. यंदा मला सांगितलंय. तयारी करताना एका जागी अडकलोय.

पहिल्या महायुद्धानंतर युरोपातल्या ज्या लेखकांनी जुन्या लिखाणाची घडीच मोडली, तेच लेखक नेमके हजारो वर्षांपूर्वीच्या कथांकडे का वळले? १९२२ हे एकच वर्ष घ्या. फेब्रुवारीत जॉइसची 'युलिसीस' ही कादंबरी आली. डब्लिनमध्ये जाहिराती गोळा करत फिरणाऱ्या माणसाचा एक दिवस, आणि त्याच्या खाली होमरच्या महाकाव्याचा सांगाडा. ऑक्टोबरात एलियटची 'द वेस्ट लँड' ही दीर्घ कविता आली. युद्धानंतरचं लंडन, आणि खाली राजा जखमी झाला म्हणून उजाड पडलेल्या मुलखाची जुनी दंतकथा. पुढच्याच वर्षी एलियटनं 'युलिसीस'वर लेख लिहिला. आजच्या इतिहासाच्या या पोकळ अंदाधुंदीला काही आकार द्यायचा तर पुराणकथा ही एक वाट आहे, असा त्याचा आशय. हे मी कॉलेजात पाठ केलं, पुढे मुलांना सांगितलं. खरं कळलं ते आजीच्या ओवीमुळे, असं मला वाटतं. ते बरोबर आहे का, हेच विचारायचं आहे.

आमचे पणजोबा बसऱ्याला गेले ते आले नाहीत. घरात एवढंच वाक्य होतं. वडील वारल्यावर पत्र्याच्या ट्रंकेत पणजीच्या पेन्शनचा कागद निघाला, त्यावर पलटण लिहिलेली होती: ११०वी मराठा. ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती. डिसेंबर १९१५ मध्ये ती सगळी फौज कूत-अल-अमारा इथं तुर्कांच्या वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. हिंदी आणि ब्रिटिश मिळून १३,००० च्या आसपास माणसं कैद झाली. पुढे वाळवंटातून पायी नेताना त्यातली कितीतरी वाटेतच गेली. पणजोबा वेढ्यात गेले की वाटेत, ते कागदावर नाही.

गावच्या जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. दर दिवाळीला चावडीला चुना लागतो आणि अक्षरं बुजतात. परवा मी आगपेटीच्या काडीनं एकेक अक्षर मोकळं केलं. या गावातून महायुद्धावर किती माणसं गेली आणि त्यातली किती कामी आली, एवढे दोन आकडे. नाव एकाचंही नाही.

नाव नव्हतं, देह आला नव्हता, दिवस कोणत्या तिथीला घालायचे तेही ठाऊक नव्हतं. आणि मग ही ओवी. आजी दळायला बसली की खुंट्याला माझाही हात लावून घ्यायची, तेव्हा ऐकलेली:

बसऱ्याच्या वाळवंटी चक्रव्यू मांडीयिला
अभिमन्यू बाळ माझा आत शिरून कोंडीयिला

सुभद्रे गं माऊली, तुला निज कशी आली
आत जायाची ऐकली, वाट भाईरची राहिली

आजीला ही तिच्या सासूनं दिली, आणि सासूला तिच्या सासूनं. म्हणजे ही ओवी पणजोबांच्या आईची. घरात सांगतात, पणजोबा पहाटेच भरतीला निघून गेले, तेव्हा त्यांची आई झोपेत होती. उठून बघते तर उंबऱ्यापाशी वहाणा नव्हत्या. श्रीकृष्ण चक्रव्यूहात शिरायची वाट सांगत असताना सुभद्रेला डोळा लागला, म्हणून पोटातल्या पोराला बाहेर यायची वाट कळलीच नाही, ही कथा तिनं कीर्तनात ऐकलेली असणार. सुभद्रेला विचारलेला प्रश्न तिनं स्वतःलाच विचारलेला आहे. तिसरी ओवीही होती. तिच्यात सुभद्रा उलट काहीतरी बोलते. ती मला काही केल्या आठवत नाही.

मला भाषणात असं म्हणायचं आहे, की कूतचा वेढा म्हणजे चक्रव्यूह, हे जोडणारी ही बाई आणि एलियट एकच काम करत होते, आणि बाईनं ते आधी केलं. तिथून मर्ढेकरांकडे यायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली 'काही कविता' आली. त्यात अभिमन्यू नाही. पिपात मेलेले उंदीर आहेत. "जगायचीपण सक्ती आहे, मरायचीपण सक्ती आहे." पण म्हणून बघा, सोळा मात्रांची चाल आहे, लहान पोरंसुद्धा टाळ्या वाजवत म्हणतील. त्याच संग्रहात अभंग आणि ओवीची वळणं आहेत, ज्ञानोबा-तुकोबांचे शब्द आहेत. सगळं जुनं नाहीसं झालं तरी छंद मागे राहिला होता, आणि मर्ढेकरांनी ती निराशा त्याच छंदात बसवली, असं मला दिसतं.

हे जुळतं का? की आजीच्या प्रेमापोटी मी ओढूनताणून जुळवतोय? आणि याला 'स्मरणरंजन', म्हणजे नॉस्टॅल्जिया, म्हणावं का? त्या शब्दातलं रंजन मला फार खटकतं.

---

वाईकर:

मास्तर, ओवी वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. आता लिहितो, आणि तुमच्या मुख्य मुद्द्याला विरोधच करतो.

त्या माउलीनं आणि एलियटनं एकच काम केलेलं नाही. तिच्या लेखी अभिमन्यू ही पुराणकथा नव्हतीच. सुभद्रा तिला शेजारच्या घरातल्या बाईसारखी होती, म्हणून तर तिला ती थेट 'अगं' म्हणून बोलते. एलियटला अशी शेजारीण उरली नव्हती. त्याला कथा पुस्तकांतून गोळा करावी लागली: जुन्या कथा-विधींवरचा फ्रेझरचा ग्रंथ, त्या उजाड मुलखाच्या दंतकथेवरचं जेसी वेस्टनचं १९२० चं पुस्तक. कवितेला त्यानं टिपा जोडल्या. ओवीला टीप लागत नाही. माझ्या मते आधुनिक निराशेचं मूळ इथं आहे. कथा हाताशी आहे, पण तिच्यावर विश्वास नाही.

आता त्यानं आपल्या घरातून काय नेलं ते बघा. मी संस्कृत शिकवतो, म्हणून हे जरा सविस्तर. बृहदारण्यक उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात प्रजापतीची तीन लेकरं आहेत, देव, माणसं आणि असुर. शिक्षण संपल्यावर तिघंही उपदेश मागतात. प्रजापती प्रत्येकाला एकच अक्षर देतो, 'द'. देव ऐकतात 'दाम्यत', स्वतःला आवरा. माणसं ऐकतात 'दत्त', द्या. असुर ऐकतात 'दयध्वम्', दया करा. ज्याच्यात जे कमी, त्याला ते ऐकू आलं. आणि उपनिषद म्हणतं, मेघ गडगडतो तेव्हा तीच दैवी वाणी पुन्हा बोलते, द द द.

एलियट हार्वर्डला लॅनमन यांच्याकडे संस्कृत शिकला होता, त्याला हा क्रम पक्का ठाऊक असणार. कवितेत त्यानं तो बदलला: दत्त, दयध्वम्, दाम्यत. माणसांचा 'द' पहिला आणला. हा शेवटचा भाग त्यानं १९२१ च्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये लोझानला लिहिला, मन पार खचल्यामुळे तिथं उपचार चालू असताना. अशा माणसानं सुरुवात 'द्या'नं करावी, हे मला फार हलवून जातं. पण पुढे काय होतं? 'दयध्वम्' ऐकल्यावर कवितेत दाराच्या कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज येतो. प्रत्येक जण आपापल्या कोठडीत बसून त्या किल्लीचा विचार करतोय. उपदेश कानावर आला, दार काही उघडलं नाही.

तुम्ही खटावचे आहात, तेव्हा कवितेतल्या कोरड्या गडगडाटाचा अर्थ तुमच्या श्रोत्यांना सांगावा लागणार नाही. मे महिन्यात आभाळ वाजतं आणि थेंब पडत नाही, ते त्यांनी आयुष्यभर बघितलंय. भाषणाची सुरुवात तिथून करा.

---

कराडचा_डॉक्टर:

फक्त 'स्मरणरंजन' या शब्दापुरतं लिहितो. 'नॉस्टॅल्जिया' हा मुळात आमच्या धंद्यातला शब्द. १६८८ साली योहानेस होफर या तरुणानं बाझेलला वैद्यकीच्या प्रबंधात तो घडवला, घरी परतणे आणि वेदना हे दोन ग्रीक शब्द जोडून. मुलूख सोडून राहिलेली स्विस माणसं झुरतात, अन्न सोडतात, त्या दुखण्याचं हे नाव. पुढे परक्या फौजांत चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांचा आजार म्हणून ते प्रसिद्ध झालं. म्हणजे हे शिपायाचंच दुखणं आहे, मास्तर. तुम्हाला 'रंजन' खटकतं ते योग्यच आहे. मराठीत याला जवळचा शब्द मला 'माहेरची ओढ' वाटतो. तुमच्या ओव्या जिथून आल्या, तिथलाच.

---

रंगपेटी_सांगली:

मास्तर, मी सांगलीत चित्रकला शिकवते. कवितेचं तुम्ही जाणता, मी चित्र-शिल्पाचं सांगते, आणि सुरुवात तुमच्याच तालुक्यातून करते.

औंधला यमाईच्या डोंगरावरचं संग्रहालय तुम्ही शंभरदा पाहिलं असेल. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ साली उभं केलं. मी मुलांना सहलीला नेते तेव्हा सगळी रविवर्म्याच्या 'सैरंध्री'पुढे थांबतात. थांबायलाच हवं. पण त्याच इमारतीत हेन्री मूरची 'माता आणि बालक' आहे, आणि तिच्यापुढून मुलं सरळ निघून जातात. मी त्यांना परत बोलावते. सैरंध्री म्हणजे महाभारत, चेहऱ्यासकट, दागिन्यांसकट. मूरच्या आईला ना नाव आहे, ना पुराण. कुठलीही आई, कुठलंही मूल. हा मूर कोळसा खाणकामगाराचा मुलगा. पहिल्या महायुद्धात लढला, १९१७ साली कांब्रेच्या लढाईत विषारी वायूनं जखमी झाला. पुढे शिल्पकार झाल्यावर शाळेत शिकवलेली ग्रीक सुबकता त्यानं बाजूला ठेवली आणि प्राचीन मेक्सिकोच्या दगडी मूर्तींकडे गेला. पुराणाच्याही मागे, नुसत्या दगडापर्यंत. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा भुयारी रेल्वेच्या फलाटांवर लोक रात्र काढत. मूरनं १९४०-४१ मध्ये त्यांची रेखाटनं केली: पांघरुणाखाली ओळीनं आडवी झालेली माणसं, लेकरांना पोटाशी धरून निजलेल्या आया. तुमच्या ओवीतली 'तुला निज कशी आली' ही ओळ वाचली आणि मला तीच चित्रं आठवली. आता मी ती वेगळ्या नजरेनं बघणार.

दुसरं नाव केटे कोलविट्झ, जर्मन चित्रकार आणि शिल्पकार. तुमच्या पणजोबांच्या आईला ही बाई लगेच कळली असती. तिचा धाकटा मुलगा पीटर, वय १८, ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये मारला गेला. तो अल्पवयीन होता, वडिलांची संमती लागत होती, ते नको म्हणत होते. कोलविट्झनं नवऱ्याची समजूत घातली आणि त्याला जाऊ दिलं. पुढे ती पीटरच्या स्मारकावर काम करत राहिली. आधी तिच्या मनात आडवा पडलेला मुलगा होता. ते काम तिनं मोडलं. १९३२ मध्ये बेल्जियमच्या दफनभूमीत जे बसवलं त्यात मुलगा नाहीच. गुडघ्यावर बसलेला बाप आणि गुडघ्यावर बसलेली आई, दोघं वेगवेगळ्या चौथऱ्यांवर. बापानं हात छातीशी आवळून धरलेत, आई खाली वाकलीये. चेहरे तिचे आणि नवऱ्याचे. १८ वर्षं लागली. तिच्याकडे सुभद्रा नव्हती, मास्तर. तिनं स्वतःलाच दगडात बसवलं. आणि १९४२ मध्ये तिचा नातू युद्धात मारला गेला, त्याचंही नाव पीटर.

म्हणून पुराणकथा हा एकच मार्ग होता असं भाषणात म्हणू नका, ही विनंती. काहींना ती उरलीच नव्हती आणि काहींनी ती मुद्दाम नाकारली. आपल्याकडे मात्र ती हाताशी राहिली. धर्मवीर भारतींचं 'अंधा युग' १९५४ चं, महाभारताच्या अठराव्या दिवसाच्या संध्याकाळपासून पुढचं. त्यात गांधारी आहे, अश्वत्थामा आहे, आणि वाचताना फाळणी आणि अणुबॉम्ब दोन्ही समोर येतात. आमच्या सांगलीत जन्मलेल्या खांडेकरांनी १९५९ मध्ये ययाती हाती घेतला. त्याला कुणी आधुनिकतावादी म्हणणार नाही, पण काळाची अस्वस्थता तीच आहे.

---

माजी_सुभेदार:

राम राम मास्तर. मी साहित्यातला नाही. मराठा रेजिमेंटमध्ये नोकरी झाली, आता शेती बघतो. अपशिंगे मिलिटरी आमच्या पाहुण्यांचं गाव. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. तुमच्या चावडीतली पाटी मी डोळ्यांपुढे आणू शकतो.

कूतबद्दल तुम्ही एक गोष्ट लिहिली नाही. १४७ दिवस वेढा चालला. शेवटी शिधा संपला, घोडे आणि खेचरं कापायची वेळ आली. आपल्या बऱ्याच शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. घरून आणि धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप मागवले, तरी कित्येक जण उपाशी राहिले. चक्रव्यूहात पोरगा एकटा लढून मेला. कूतमध्ये पोरं भुकेनं वाळली. ओवीत ते आलेलं नाही, कारण तिकडची खबर घरापर्यंत आलीच नसणार. भाषणात हे सांगा. ते त्यांचं देणं लागतो आपण.

बसऱ्याच्या स्मारकावर ४०,००० हून जास्त माणसांची आठवण आहे, ज्यांची कबर सापडली नाही अशांची. गोऱ्या शिपायाचं नाव कोरलेलं आहे. आपल्या साध्या शिपायांचा तिथंही पलटणीनुसार आकडाच. तुमच्या चावडीतल्यासारखा.

निराशेबद्दल मला वेगळं वाटतं. चौकीवर रात्री आम्ही काय बोलायचो? गावाकडं पाऊस झाला का, म्हस व्याली का, जत्रा कधी आहे. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेलं दुखणं ते हेच. आणि हल्ल्याच्या वेळी सगळे एका आवाजात शिवाजी महाराजांचा जयजयकार करतात, तेव्हा महाराज तीनशे वर्षांपूर्वीचे नसतात, बाजूला उभे असतात. वाईकरसाहेब म्हणतात तसा विश्वास अजून शिल्लक आहे, एवढं नोंदवतो.

---

खटावचा_मास्तर:

सगळ्यांना नमस्कार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण भाषणाचे कागद पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतले.

वाईकर, 'एकच काम' हे शब्द मी काढले. सुरुवात कोरड्या गडगडाटानंच करतोय. ताई, कोलविट्झच्या त्या आईबापांचा फोटो मोठा छापून भिंतीवर लावणार आहे, आणि औंधला या रविवारीच जातो. इतकी वर्षं मीही 'सैरंध्री' बघून परत फिरणाऱ्यांतलाच होतो.

सुभेदारसाहेब, उपाशी राहिलेल्यांचं तुम्ही सांगितलंत त्यावरून ओवेनची एक कविता आठवली. विल्फ्रेड ओवेन स्वतः फ्रान्सच्या आघाडीवर लढला आणि ४ नोव्हेंबर १९१८ ला, युद्ध थांबायला आठवडा असताना पडला. त्यानं बायबलातली अब्राहमची कथा घेतली. देव म्हाताऱ्याला पोराचा बळी मागतो आणि ऐन वेळी म्हणतो, पोर राहू दे, हा मेंढा घे. मूळ कथेत पोर वाचतं. ओवेनच्या कवितेत म्हातारा ऐकत नाही. तो पोराला मारतो, आणि त्याच्याबरोबर अर्ध्या युरोपची पोरं, एकेक करून. तिथं दोष म्हाताऱ्यांचा आहे, ज्यांनी पाठवलं त्यांचा. आमच्या ओवीत आई दोष स्वतःकडे घेते. ताई, कोलविट्झनं नवऱ्याची समजूत घातली होती हे तुम्ही लिहिलंत, ते वाचल्यापासून या दोन बाया माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्या आहेत. पणजोबा ज्यांच्यासाठी लढायला गेले ते लोक तर तिच्या ओवीत कुठेच नाहीत. तिला ते ठाऊक तरी होते का, कुणास ठाऊक. भाषणात या जागी मी थांबणार आहे, घाई करणार नाही.

आता मुख्य बातमी. काल आत्याला फोन लावला, ती कोरेगावला असते, वय ८४. तिसरी ओवी विचारली. म्हणाली, अशी आठवत नाही, हात फिरायला लागतो. नातवानं माळ्यावरचं जातं खाली काढलं. दाणे नव्हतेच, रिकामंच जातं फिरवलं, फोन शेजारी जमिनीवर ठेवून. दगडाचा आवाज मला इकडे ऐकू येत होता. पहिल्या दोन ओव्या म्हणून झाल्या आणि तिसरी न थांबता आली:

सुभद्रा म्हनं बाई, नको लावू मला बोल
तुज्या माज्या पदराला येका पान्याची गं ओल

आत्या कार्यक्रमाला येते म्हणाली. ओव्या तीच म्हणेल, जात्यावर. जातं न्यायला टेंपो सांगितला आहे.